तक्त्याच्या माथ्यावरची पाच नावं

सकाळी साडेसातला फोन आला. "ताई, पगाराच्या पत्रकात माझं नाव चुकलंय."

दुधाच्या पैशांना आमच्याकडे पगार म्हणतात. दहा दिवसांनी होतो. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि शेवटी रक्कम, असा एक लांबलचक तक्ता. दूध संस्थांना हे हिशेब मोबाइलवर दिसतील अशी सोय करून देणाऱ्या एका छोट्या चमूत मी काम करते. तक्रार आली की मी आधी रक्कम बघते, कारण बहुतेक वेळा भानगड तिथंच असते. रक्कम बरोबर होती. काकांचं आडनाव गोऱ्हे आणि पडद्यावर आलं होतं गोर्हे.

"पैशाचं काही नाही हो," काका म्हणाले. "पण हा माणूस कोण, असं सोसायटीत विचारायला लागलेत. आमच्या घराण्यात असं नाव कुणी लावलेलं नाही."

अर्ध्या र ची ही दोन रूपं मराठी माणसाला शाळेत शिकवावी लागत नाहीत. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. एकात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो पुढच्या अक्षराच्या अंगाला पापणीसारखा चिकटतो. हिंदीचं या पापणीवाचून अडत नाही. आपलं अडतं. गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, सगळीकडे अडतं.

चूक आमचीच निघाली. जुन्या नोंदींत हा र वेगळ्या पद्धतीने साठवलेला होता: र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह. त्या चिन्हाचं काम एवढंच, की या र चा रफार करू नका, त्याला अर्धा राहू द्या असं सांगायचं. नोंदी नव्या यंत्रणेत आणताना आमच्या प्रोग्रामने 'न दिसणारा कचरा' म्हणून ती चिन्हं झाडून काढली. चिन्ह गेलं, पापणी गेली, रफार आला. एका ओळीची दुरुस्ती होती. दुपारपर्यंत झाली.

पण त्या दिवशी मी तिथे थांबले नाही. ब्राउझर हा र काढतो कसा, हे वीस वर्षं पोटापाण्यासाठी ब्राउझरसमोर बसूनही मी कधी नीट बघितलं नव्हतं. क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा सगळा कोड जगासमोर उघडा आहे, कुणालाही वाचता येतो. मी वाचायला बसले.

अक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर स्वतः करत नाही. ते हार्फबझ नावाच्या एका मुक्त लायब्ररीकडे, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडाच्या संचाकडे जातं. नाव फारसीवरून आलेलं आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. सध्याची हार्फबझ बहदाद इस्फहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरने नव्याने लिहिली. अरबी-फारसी लिपीत शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं आणि देवनागरीतही तेच घडतं, त्यामुळे हे काम त्या वळणाच्या लिपीत वाढलेल्या माणसाने मनावर घ्यावं, याचं मला नवल वाटलं नाही. ही एकच लायब्ररी क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्येही आहे. ऱ चा नियम एकदा नीट बसला की तो या सगळ्यांत बसतो. मराठीचा देठाचा श आणि पाकळीचा ल हवा असेल, तर पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं सांगायचं. ज्या फॉन्टात ती सोय केलेली असते, तिथे एकाच संकेताचं हिंदी वळण बाजूला सरून मराठी वळण येतं. भाषा सांगणारी ती दोन अक्षरं ब्राउझर हार्फबझपर्यंत पोचवतो. कितीतरी मराठी संकेतस्थळं ती लिहायलाच विसरतात, आणि मग आपला ल परक्यासारखा दिसत राहतो. मी ज्यांच्यासाठी काम करते त्यांना हे दर वेळी सांगते, आग्रहाने सांगते.

तिथून मी तक्त्याकडे वळले. गोऱ्हे काकांचं नाव शेवटी एका तक्त्याच्या रकान्यातच तर बसलेलं असतं. एचटीएमएलमधला, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यातला तक्ता सांभाळणारी फाइल ब्लिंकमध्ये, म्हणजे क्रोमियमच्या पान रेखाटणाऱ्या इंजिनात आहे. ती उघडली आणि पहिल्याच ओळींवर थबकले. कोड सुरू होण्याआधी नावं होती. १९९७, मार्टिन जोन्स. १९९७, टॉर्बेन वाइस. १९९८, वाल्डो बास्टियान. १९९९, लार्स क्नोल. १९९९, आंटी कोइविस्टो. पाचही जणांच्या पत्त्याच्या शेपटाला केडीई. त्यांच्याखाली ॲपल. खाली परवान्याचा मजकूर: ही लायब्ररी मुक्त आहे, तुम्ही ती पुढे वाटू शकता, बदलू शकता, या या अटींवर.

सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी वाचताना पणजोबांचं नाव समोर यावं, तसं मला झालं. जगातल्या बहुतेक माणसांनी वापरलेल्या एका वस्तूच्या माथ्यावर ही पाच नावं पंचवीसहून जास्त वर्षं टिकून आहेत आणि आपल्यापैकी कुणीच ती वाचलेली नाहीत.

ही माणसं कोण? १९९६ च्या ऑक्टोबरात मॅथियास एट्रिख या जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या विद्यार्थ्याने हाक दिली, की युनिक्स वापरणाऱ्या साध्या माणसासाठी डोळ्यांना आणि हाताला बरा वाटेल असा डेस्कटॉप आपण मिळून करू. त्यातून केडीई उभं राहिलं. डेस्कटॉप म्हटल्यावर मदतीची पानं दाखवणारं काहीतरी हवं, म्हणून एचटीएमएल वाचणारा एक लहानसा भाग आला. तो पुढे अपुरा पडायला लागला, तेव्हा १९९९ मध्ये भौतिकशास्त्र शिकलेल्या लार्स क्नोल यांनी तो जवळजवळ नव्याने बांधायला घेतला. त्याचं नाव केएचटीएमएल. त्याच्याभोवती जो ब्राउझर तयार झाला तो कॉन्करर. आधी नेटस्केपचा नेव्हिगेटर आला, मग मायक्रोसॉफ्टचा एक्स्प्लोरर आला, तेव्हा पुढचा जेता. हे नाव मला फार आवडतं. दर्यावर्दी, शोधक आणि जेता अशी ती चढती भाजणी आहे आणि ती ठेवणाऱ्यांच्या खिशात तेव्हा काही नव्हतं. ऑक्टोबर २००० मध्ये केडीई २ बरोबर कॉन्करर बाहेर पडला.

त्या काळी सगळ्यांच्या नजरा दुसरीकडे होत्या. नेटस्केपने ३१ मार्च १९९८ ला आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला होता. त्यातून मोझिला आणि गेको हे इंजिन घडत होतं. मोठा कोड, मोठं नाव. मुक्त ब्राउझर घडलाच तर तिथूनच घडेल, असं जवळजवळ सगळे धरून चालले होते.

मग ७ जानेवारी २००३ ला सॅन फ्रॅन्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी सफारी दाखवला. त्याच दिवशी ॲपलचे डॉन मेल्टन यांनी केडीईच्या मंडळींना पत्र लिहिलं, की आम्ही वर्षभर तुमचं केएचटीएमएल वापरतो आहोत. कारण दिलं होतं साधं. कोड लहान होता, १,४०,००० ओळींपेक्षा कमी. स्वच्छ होता, समजण्यासारखा होता. मेल्टन आणि त्यांचे सहकारी डेव्ह हायट दोघेही नेटस्केपच्या घरातून आलेले, म्हणजे गेको त्यांना आतून माहीत होता. तरी त्यांनी केएचटीएमएल उचललं. चांगल्या लिहिण्याला उशिरा का होईना, वाचक मिळतो असं मी मानते आणि त्याला यासारखं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

परवान्याची अट अशी होती, की लायब्ररीत बदल करून ती लोकांना द्याल, तर ते बदलही उघडे ठेवा. ॲपलने ते ठेवले. पण कसे? वर्षभराच्या बदलांचा एकच मोठा गठ्ठा. कुठली ओळ का बदलली, कोणत्या चुकीसाठी बदलली, याचा माग नाही. केडीईत ही माणसं आपली नोकरी-शिक्षण सांभाळून संध्याकाळी कोड लिहीत होती. त्यांनी तो गठ्ठा उसवायचा कसा? एप्रिल २००५ मध्ये सफारीने ॲसिड २ ही कठीण परीक्षा पार केली. ब्राउझरने नियम नीट पाळले तर पडद्यावर एक हसरा चेहरा उमटतो, अशी ती परीक्षा. लोक केडीईला विचारू लागले, आता तुमच्याकडेही हे येणार ना? तेव्हा केडीईकडून दुखऱ्या आवाजात उत्तर आलं: कोड मिळतो, सोबत काम करायला मिळत नाही.

त्यांचं म्हणणं मला पूर्णपणे पटतं. उघडं ठेवणं आणि वाटून घेणं यात फार अंतर आहे. दूध संस्थेत कॅन ओतला आणि पावती फाडली, एवढ्याने सहकार होत नाही. फॅट कुणी मोजलं, यंत्र कधी तपासलं, दर कुठल्या सभेत ठरला, हे विचारता आलं पाहिजे. ॲपललाही ते उमगलं असावं. ७ जून २००५ ला वेबकिटचा, म्हणजे ॲपलने केएचटीएमएलमधून घडवलेल्या इंजिनाचा कोड, त्यातला दर बदल आणि चुकांची नोंदवही सगळ्यांसाठी खुली झाली. बाहेरच्या माणसाला आत येऊन काम करता येऊ लागलं. नोकियाने आपल्या फोनांत ते इंजिन घेतलं. आणि २ सप्टेंबर २००८ ला गूगलने क्रोम आणला, तोही वेबकिटवर. जावास्क्रिप्टसाठी मात्र त्यांनी डेन्मार्कमधल्या आरहूसला लार्स बाक यांच्या हाताखाली घडवलेलं व्ही८ वापरलं. क्रोमचा उघडा कोड म्हणजे क्रोमियम.

पुढचं लवकर सांगते, कारण ते सगळ्यांना थोडंफार ठाऊक आहे. एप्रिल २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून वेगळं होऊन ब्लिंक केलं. आता लागत नाहीत अशा ७,००० हून जास्त फाइली आणि ४५ लाखांवर ओळी काढून टाकता येतील, असं तेव्हा त्यांनी जाहीर केलं. एक लाख चाळीस हजारांचं रोप दहा वर्षांत कुठवर गेलं होतं, ते या आकड्यावरून कळतं. ऑपेराने आपलं स्वतःचं प्रेस्टो त्याच वर्षी सोडलं. डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एजसाठी क्रोमियम घ्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये ते लोकांच्या हाती दिलं. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, झोहोचा उला, सगळे क्रोमियमवरचेच.

प्रत्येक ब्राउझर पान मागताना सर्व्हरला आपली ओळख सांगतो. एजची ओळख अशी वाचली जाते: मोझिला ५.०, मग ॲपलवेबकिट ५३७.३६, कंसात 'केएचटीएमएल, गेकोसारखा', मग क्रोम, मग सफारी, आणि सगळ्यांच्या मागे एज. एके काळी सर्व्हर ओळखीच्या नावालाच चांगलं पान द्यायचे, म्हणून नवा येणारा प्रत्येक जण आधीच्याचं नाव सांगत गेला. ५३७.३६ हा आकडा क्रोमच्या ओळखीत ब्लिंक वेगळं झाल्यापासून हललेला नाही. आमच्या सर्व्हरच्या नोंदवहीत दर पगाराला हजारो वेळा हे नाव उमटतं. गोठ्यातून, एसटीतून, चहाच्या टपरीवरून कुणी आपला हिशेब उघडला, की केएचटीएमएलचा उच्चार होतो.

खुद्द केएचटीएमएल आता नाही. केडीईने आपल्या सहाव्या पिढीत, २०२४ मध्ये, ते वगळलं. कॉन्करर आहे, पण त्याच्या पोटात आता क्यूटी वेबएंजिन आहे आणि ते म्हणजे क्रोमियम. मूळ घरातून निघालेली गोष्ट ॲपल आणि गूगल करत पुन्हा त्याच घरी परतली. क्यूटी म्हणजे केडीई ज्यावर बांधलेलं आहे तो कोडाचा संच, आणि लार्स क्नोल पुढे अनेक वर्षं त्याचे मुख्य सांभाळणारे होते. हार्फबझची जुनी आवृत्तीही क्यूटी आणि अक्षरं मांडणारी पँगो ही लायब्ररी या दोन ठिकाणच्या कामाच्या मिलाफातूनच झालेली. म्हणजे गोऱ्हे काकांचा तक्ता आणि त्यातली पापणी, दोन्हींचे माग एकाच अंगणापाशी येतात. हे कळलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आनंदानेच.

आता काळजीचं बोलते.

सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराच्या लायब्ररीत एक भगदाड सापडलं. मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र यंत्राच्या स्मृतीत भलतीकडे लिहू शकत होतं. ॲपल आणि टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने ते कळवलं, कारण कुणीतरी ते आधीच वापरायला लागलं होतं. लायब्ररी एकच आणि ती सगळीकडे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, फायरफॉक्स, सगळ्यांना त्याच आठवड्यात दुरुस्ती द्यावी लागली. आमच्या संस्थेच्या बल्क कूलरचं असंच आहे. सगळ्यांचं दूध एका टाकीत. एक कॅन नासका गेला, की टाकी जाते. पण टाकी धुवायचीही एकदाच असते: भगदाड कळवल्यापासून आठवड्याच्या आत जगभरातले ब्राउझर सावरले. प्रत्येकाची लायब्ररी वेगळी असती, तर कुणाचं कधी दुरुस्त झालं असतं, सांगवत नाही. टाकी एक असण्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती दुसऱ्या गोष्टीला. सभेत बोलणारं कोण? क्रोमियममध्ये मायक्रोसॉफ्ट लिहितं, सॅमसंग लिहितं. स्पेनच्या आ कोरुन्यातली इगालिया ही सहकारी धर्तीवर चालणारी कंपनी लिहिते. पानाची चौकटींत मांडणी करणाऱ्या सीएसएस ग्रिडचं काम क्रोम आणि सफारी दोन्हींसाठी त्यांनीच केलं, आणि गणिताची समीकरणं थेट पानावर दाखवणारं मॅथएमएल जानेवारी २०२३ मध्ये क्रोमला परत मिळालं तेही त्यांच्यामुळे. पण दिशा ठरते गूगलमध्ये. ब्राउझरच्या जोडण्यांचे (एक्स्टेन्शनांचे) नियम मॅनिफेस्ट व्ही३ ने बदलले, जाहिराती अडवणाऱ्या जुन्या जोडण्या क्रोममध्ये बंद पडत गेल्या, आणि क्रोमियमवरच्या इतर ब्राउझरांपुढे दोनच वाटा उरल्या: मागोमाग जायचं किंवा जुना भाग स्वतःच्या खर्चाने जिवंत ठेवायचा. कोड उघडा आहे, वेगळी चूल मांडता येते, हे खरंच. पण एवढ्या कोडाची चूल रोज पेटती ठेवायला किती हात लागतात? मायक्रोसॉफ्टसारख्या घरानेही स्वतःचं इंजिन सोडून दिलं, यातून काय ते कळतं.

वेगळं मत देणारी इंजिनं आता बोटावर मोजण्याइतकी आहेत. ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. सर्वो आहे, ते अजून वाढतं आहे. लेडीबर्ड हे अगदी शून्यापासून लिहिलं जातंय, आणि ते सुरू करणारे आंद्रेआस क्लिंग पूर्वी वेबकिटवर काम करायचे. मी फायरफॉक्स वापरते. उपकार म्हणून नाही, मला कामाला तो लागतो, आणि का लागतो ते गोऱ्हे काकांच्या पगारातच पुन्हा दिसलं.

पापणी दुरुस्त झाल्यावर मी तेच पत्रक क्रोम, एज आणि ब्रेव्हमध्ये उघडलं. तिन्हीकडे सारखं. नाव एका ओळीत, शेजारी लिटर, फॅट, एसएनएफ. सगळं ठीक म्हणून मोकळी होणार होते. तिघांचं मत एक आलं, असं वाटलं. प्रत्यक्षात मत एकाचंच होतं. मग फायरफॉक्समध्ये उघडलं. तिथे आडनाव दुसऱ्या ओळीवर उतरलं होतं आणि रकमेचा रकाना उजवीकडे सरकून अर्धा कापला गेला होता.

दोन इंजिनं भांडली, की नियम वाचावा लागतो. मी मानकाचं पान काढून बसले. रकान्याची रुंदी कशी ठरवायची, नाव लांब असेल तर कुणी किती जागा सोडायची, हे शब्द न शब्द वाचलं. क्रोमियमने तक्त्याची मांडणी २०२१ मध्ये पुन्हा नव्याने लिहिली, तेव्हा हेच नियम समोर ठेवले होते. तासाभराने उलगडा झाला. दोन्ही ब्राउझर आपापल्या जागी बरोबर होते. आम्ही रकान्यांच्या रुंदीची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर लिहून ठेवली होती. मोबाइलचा पडदा अरुंद झाला, की काहींना रक्कम दिसतच नसणार. तीन वर्षं हे असंच होतं. कुणी फोन केला नव्हता. ज्यांना ते दिसत नव्हतं, त्यांनी बहुधा संस्थेत जाऊन कागदावर बघितलं असेल.

बेरीज शंभरावर आणली, चारही ब्राउझरांत पाहिलं, आणि संध्याकाळी काकांना फोन केला.

"थांबा, चष्मा घेतो," ते म्हणाले. पलीकडे म्हैस ओरडत होती, बादलीचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

"आलं," ते म्हणाले. "नाव आलं. आणि रक्कम पण दिसतेय की शेजारीच."